निबंधात घालायची १०० भारी विशेषणं

जर्मन हा 'स्कोअरिंग' विषय आहे, हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझा चेहरा आपोआप मख्ख होतो. अहो, भाषा स्कोअरिंग कशी असेल? गणित असू शकतं. उत्तर आलं तर पूर्ण मार्क, नाही आलं तर भोपळा. पण अकरावीचा प्रवेश आला की घराघरात हाच हिशोब मांडला जातो: मराठीत मार्क कापतात, जर्मनमध्ये देतात. मग पोरं जर्मन घेतात, दोन वर्षांनी नव्वदच्या वर मार्क मिळवतात, पेढे वाटतात आणि त्यानंतर जर्मनचं नावही काढत नाहीत. मला भेटलेल्या अशा नव्वदवाल्यांपैकी फार थोड्यांना जर्मनमध्ये साधं "मला जरा पाणी देतेस का?" म्हणता येतं.

मंडळी, आज मला भांडायचंय ते या सगळ्या प्रकरणातल्या एका छोट्याशा पीडीएफशी. माझ्या भाचीच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून ती आली. मथळा: निबंधासाठी १०० भारी विशेषणं आणि क्रियाविशेषणं. (ताई, तू हे वाचशीलच. रागावू नकोस. राग तुझ्या लेकीवर नाही, यादीवर आहे.)

यादीत काय आहे? आटेमबेराउबेंड, म्हणजे श्वास हिरावून घेणारं. उनफेरगेसलिश, अविस्मरणीय. हेरफोररागेंड, उत्कृष्ट. फास्त्सिनीरेंड, आउसरऑर्डेंटलिश वगैरे वगैरे. मग क्रियाविशेषणं: ग्ल्युकलिशरवाइजे, म्हणजे सुदैवाने, म्योग्लिशरवाइजे, म्हणजे कदाचित. प्रत्येकापुढे इंग्रजी अर्थ. मराठी अर्थ एकाचाही नाही, वाक्य एकही नाही. आणि तळाशी ठळक अक्षरांत सूचना: प्रत्येक निबंधात किमान पाच वापरा, आणि विशेषण नामाच्या आधी लावू नका, 'वार'च्या नंतर टाका.

ही शेवटची सूचना मी तीनदा वाचली. 'वार' म्हणजे 'होता, होती, होतं'. जर्मनमध्ये विशेषण नामाच्या आधी आलं की त्याला शेपूट लागतं. नामाचं लिंग, वचन, विभक्ती आणि पुढे 'डेर' आहे की 'आइन' आहे यावर ते शेपूट बदलतं. तेच विशेषण वाक्याच्या शेवटी, 'वार'नंतर आलं तर त्याला काहीच लागत नाही. म्हणून मग "सहल अविस्मरणीय होती", "किल्ला अविस्मरणीय होता", "जेवण अविस्मरणीय होतं" अशी वाक्यं लिहायची. चूक नको, मार्क कापायला नको. थोडक्यात काय, भाषेचा जो भाग शिकायचा तोच टाळायला शिकवायचं, आणि त्यासाठी फी घ्यायची!

शेपटांना घाबरणं मी समजू शकतो. मार्क ट्वेनसारखा माणूस त्यांना वैतागला होता. 'द ऑफुल जर्मन लँग्वेज' या १८८० सालच्या त्याच्या लेखात विशेषणांच्या नावाने भरपूर खडे फोडलेत. पण मार्क ट्वेन इंग्रजी बोलणारा होता हो. इंग्रजीत 'गुड' बॉयलाही गुड, गर्ललाही गुड, त्यांच्याबरोबरही गुड. त्याला शेपटं म्हणजे छळ वाटणारच. आपल्या पोरांना का वाटावीत?

आपण काय बोलतो बघा. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. तीन लिंगं, तीन शेपटं. आता त्यांना "बरोबर" लावा: चांगल्या मुलाबरोबर, चांगल्या मुलीबरोबर, चांगल्या बाळाबरोबर. तिन्हीकडे 'चांगल्या'. जर्मनमध्ये 'मिट' म्हणजे बरोबर: मिट डेम गूटन मान, मिट डेर गूटन फ्राउ, मिट डेम गूटन किंड. तिन्हीकडे 'गूटन'. म्हणजे 'बरोबर' आलं की आपली तीन रूपं एकात विरघळतात, आणि 'मिट' आलं की त्यांचीही विरघळतात. एवढंच कशाला, आपल्याकडे जशी 'लाल', 'सुंदर', 'उंच' ही विशेषणं कुणाला दाद न देता तशीच राहतात, तशी त्यांच्याकडे 'लीला' आणि 'रोझा' (जांभळा आणि गुलाबी) राहतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना तर विशेष्याचं लिंग, वचन आणि विभक्ती तीच विशेषणाची, हे आठवीतच घोकून घेतलेलं असतं. जर्मन वेगळं कुठे पडतं? 'बाई चांगली आहे' यात आपण 'चांगली' म्हणतो, ते नुसतं 'गूट' म्हणून मोकळे होतात. शिवाय 'डेर'नंतर आणि 'आइन'नंतर शेपूट वेगळं: डेर आल्टे मान, पण आइन आल्टर मान. ही दोन गाठोडी नीट समजून घ्यायची. तक्ता पाठ करावा लागतोच, त्यातून सुटका नाही. पण तक्त्यात असं काही असू शकतं ही कल्पना मराठी मुलाच्या डोक्यात आधीपासून आहे. वर्गात मात्र जर्मन शिकवलं जातं इंग्रजीतून, आणि इंग्रजीत जे नाही ते सगळं पोरांना जर्मनचं संकट म्हणून दाखवलं जातं.

क्रियाविशेषणांचीही तीच कथा. वाक्यात आधी केव्हा, मग कसं, मग कुठे, हा जर्मनचा ढोबळ क्रम. इश फारे मॉर्गन मिट डेम त्सुग नाख म्युन्शन. मी उद्या ट्रेनने म्युनिकला जाणार. क्रम तोच आहे की नाही? इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला हा क्रम एक सूत्र म्हणून पाठ करायला लावतात. आपल्या मुलाला फक्त सांगायचं, बाळा, तू घरी बोलतोस तसं बोल. (क्रियापद मात्र दुसऱ्या जागेवर उचलून ठेव.)

आणि ते दुसऱ्या जागेचं क्रियापद यादीवाल्यांना नेमकं नडतं. जर्मन वाक्याची सुरुवात कशानेही करा, क्रियापद दुसऱ्या क्रमांकावरच बसणार. पोरं 'ग्ल्युकलिशरवाइजे' पाठ करतात, वाक्याच्या तोंडाशी ठेवतात आणि पुढे "वीर हाटन त्साइट" असं जसंच्या तसं चिकटवतात. झालं, वाक्य मोडलं. तिथे "हाटन वीर त्साइट" हवं. भारी शब्द बरोबर, वाक्य चूक. तपासणाऱ्याने शब्दाला मार्क द्यायचा की वाक्याचा कापायचा?

याहून मजा अर्थात आहे. यादीत 'ग्ल्युकलिश' विशेषणांत आहे, 'ग्ल्युकलिशरवाइजे' क्रियाविशेषणांत, आणि दोघांपुढचे इंग्रजी अर्थ इतके जवळचे की कोणीही घसरावं. आता कल्पना करा, मुलाला लिहायचंय की आजोबा समाधानात गेले. माइन ग्रोसफाटर इस्ट ग्ल्युकलिश गेश्टॉर्बन. ठीक. पण भारी शब्द हवा म्हणून त्याने लिहिलं, ग्ल्युकलिशरवाइजे इस्ट माइन ग्रोसफाटर गेश्टॉर्बन. म्हणजे काय? सुदैवाने आमचे आजोबा गेले!! व्याकरण शंभर टक्के शुद्ध. :)

इंग्रजीचा चष्मा घातला की असे खड्डे पावलोपावली. 'एवेंट्युएल' म्हणजे शेवटी कधीतरी नव्हे, 'जमलं तर'. जर्मन माणूस "एवेंट्युएल येईन" म्हणाला तर पोहे जपून टाका. 'फास्ट' म्हणजे जोरात नव्हे, 'जवळजवळ'. 'ब्राफ' म्हणजे शूर नव्हे, 'शहाणं, ऐकणारं', जे आपण बाळाला म्हणतो तसं. शिवाजी महाराजांवरच्या निबंधात 'ब्राफ' वापरलात तर महाराज एकदम गुणी बाळ होऊन जातात.

आता जरा कौतुकाने बोलतो, कारण हा भाग माझ्या फार आवडीचा आहे. जर्मनमध्ये भारी विशेषणं आहेतच, पण ती यादीत नाहीत. श्टॉकडुंकेल, म्हणजे काळाकुट्ट अंधार. श्नेवाइस, पांढराशुभ्र. आइसकाल्ट, थंडगार. टोटम्यूडे, मरणाचा दमलेला. ब्लिट्सश्नेल, विजेसारखं झपकन. आपल्याकडे हिरवागार, लालभडक, पिवळाधम्मक, गोडमिट्ट, लांबलचक आहेत, त्यांच्याकडे ही फौज आहे. दोन्ही भाषांना साध्या 'खूप'वर भागवायला आवडत नाही. मग 'व्हेरी'चं 'ज़ेर' करून प्रत्येक विशेषणाआधी का ठोकायचं? इंग्रजीला मध्ये न घेता मुलाला सरळ विचारा, "काळाकुट्ट कसं म्हणशील?" बघा त्याचे डोळे कसे चमकतात.

शिवाय शंभर शब्द सुटे पाठ करायची गरजच काय? 'लोस' म्हणजे नसलेलं, 'फ्राय' म्हणजे मुक्त, 'आर्म' म्हणजे कमी असलेलं, 'बार' म्हणजे करता येण्याजोगं. आर्बाइट्सलोस, बेरोजगार. आल्कोहोलफ्राय, दारू नसलेलं. फेटआर्म, कमी स्निग्धांशाचं. ट्रिंकबार, पिण्याजोगं. पाचसहा शेपटं हातात दिली की मूल सुपरमार्केटमधली निम्मी पाकिटं वाचू लागतं. हे एका तासाचं काम आहे. पण त्यातून पीडीएफ होत नाही, आणि 'किमान पाच वापरा' असं म्हणता येत नाही.

"तुझं काय जातंय, तू स्टुटगार्टमध्ये बसून बोलतोस, इथे कटऑफ कोण भरणार?" हा प्रश्न येणार, मला ठाऊक आहे. रास्त आहे. एका वर्गात साठसत्तर मुलं, निबंध तपासायला शिक्षकाला वेळ नाही, आणि पेपर तपासणाऱ्यापुढे गठ्ठा. तपासणाऱ्याची नजर ठळक शब्दावर थांबते आणि पुढे जाते, हे क्लासवाल्यांनी बरोबर ओळखलंय. त्यांना मी मूर्ख म्हणत नाही, ते चांगलेच हुशार आहेत. शिवाय शब्दसंग्रह वाढणं वाईट नाही. 'आटेमबेराउबेंड' हा शब्द माहीत असावा, एखाद्या आल्प्सच्या कड्यावर उपयोगी पडतो. माझं म्हणणं एवढंच की तो शब्द मुलाच्या ताब्यात असावा, मूल त्या शब्दाच्या ताब्यात नसावं. भाचीच्या निबंधात दिवाळीही आटेमबेराउबेंड आहे, पर्यावरणही आटेमबेराउबेंड आहे. (पुण्याच्या हवेबद्दल ते अगदी शब्दशः खरं असेल, तो भाग वेगळा.)

आणि आता हा खेळ फक्त मार्कांचा राहिलेला नाही, म्हणून मी इतका तावातावाने लिहितोय. चाकणपासून रांजणगावपर्यंत जर्मन कंपन्या आहेत हे जुनंच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. म्हणजे मी राहतो त्याच राज्यात. त्यातल्या परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर पोरांना जर्मन लागणार आहे, आणि ते निबंधाचं जर्मन नव्हे. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ पातळी लागते. बी-१ च्या परीक्षेतही वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत वेगवेगळे ६० टक्के मिळवावे लागतात. एकात ९५ काढून दुसरा झाकता येत नाही.

दवाखान्यात पेशंट काय म्हणतो? आटेमबेराउबेंड म्हणत नाही. तो म्हणतो दुखणं 'श्टेशेंड' आहे, टोचल्यासारखं. किंवा 'ब्रेनेंड', जळजळतंय. किंवा 'पोखेंड', ठणकतंय. किंवा 'डुम्प्फ', म्हणजे नेमकं सांगता येत नाही असं आतल्या आत बोथट दुखतंय. ही चार विशेषणं आहेत. ज्या मुलीला आईच्या ठणकण्यातला आणि ठुसठुसण्यातला फरक घरात ऐकून कळतो तिला ती अर्ध्या तासात येतील. त्या १०० च्या यादीत यातलं एकही नाही. 'डुम्प्फ' आणि 'श्टेशेंड' यांत गोंधळ झाला तर तिथे मार्क कापले जात नाहीत, भलतंच काही होतं.

नोकरी सोडतानाचं प्रमाणपत्र घ्या. जर्मनीत ते मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि ते त्याच्या पुढच्या वाटचालीत अडथळा आणणारं नसावं असा दंडक आहे. मग वाईट कसं लिहायचं? विशेषणांतून आणि क्रियाविशेषणांतून! "श्टेट्स त्सु उंझेरर फोल्स्टन त्सुफ्रीडेनहाइट", म्हणजे नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाइतकं काम केलं. हा पहिला नंबर. 'फोल्स्टन'चं 'फोलन' झालं (पूर्णतम ऐवजी पूर्ण), की दुसरा. त्यातलं 'श्टेट्स', म्हणजे 'नेहमीच', गळलं की तिसरा. आणि नुसतंच 'समाधानाइतकं' उरलं की जेमतेम पास. वाचणाऱ्या प्रत्येक जर्मन साहेबाला हा सगळा हिशोब पाठ असतो. आपली पोरं चौथ्या नंबरचं पत्र हातात घेऊन खूश होतात, समाधानी आहेत म्हणे साहेब! एका क्रियाविशेषणाच्या असण्या-नसण्यावर पुढची नोकरी. हे शिकवा की बारावीला. त्यांच्या शाळेतल्या श्रेणीसुद्धा विशेषणंच आहेत: ज़ेर गूटपासून उनगेन्युगेंडपर्यंत सहा.

मुळात ही माणसं कौतुकाच्या बाबतीत आपल्या सदाशिव पेठेची मावसभावंडं. इथल्या श्वाबियन लोकांत म्हणच आहे, की ओरडलो नाही म्हणजे कौतुक केलं असं समजा. 'गांत्स'चा अर्थ 'पूर्ण', पण साध्या सुरात 'गांत्स गूट' म्हटलं की अर्थ होतो 'बरं आहे'. आपला 'बरा' जसा चांगला आणि यथातथा या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो, अगदी तसा. अशा लोकांपुढे पाच ओळींत पाच 'अविस्मरणीय' ओतले तर ते आदराने नव्हे, काळजीने बघतात.

२०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणण्याचा निर्णय ऐन वर्षाच्या मध्यात झाला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! दोन्ही बाजूंनी अग्रलेख, चर्चा, मोर्चेबांधणी. भाषा कोणती यावर सगळे हिरिरीने बोलले. ती शिकवायची कशी, यावर मला त्या गदारोळात काही ऐकल्याचं आठवत नाही. असो. तो विषय निघाला की मी वाहवत जातो.

यादीच हवी असेल तर माझी घ्या. डॉख, माल, या, डेन, हाल्ट. पाच शब्द, सगळे मिळून वीस अक्षरंही नाहीत. यांचा नीट अर्थ कोणत्याच कोशात एका शब्दात सापडणार नाही, आणि जर्मन माणूस यांच्याशिवाय एक मिनिट बोलत नाही. कॉम डॉख राइन: ये ना आत. कॉम माल हेर: ये बघू इकडे. वास माख्स्ट डू डेन: अरे करतोयस तरी काय? डास इस्ट या टॉल: हे तर भारीच की! इंग्रजीतून हे शिकवताना शिक्षकांची दमछाक होते, कारण तिथे याला जोड नाही. मराठीत 'ना', 'की', 'बघू', 'तरी', 'तर' यांच्यावरच तर आपली निम्मी बोलाचाली चालते. आपण नुसतं 'ये' म्हणत नाही. नुसतं 'ये' म्हटलं तर पाहुणा परत जाईल.

बोर्डाच्या तोंडी परीक्षेला २० मार्क असतात, आणि त्यासाठी पोरं स्वतःची ओळख, छंद, आवडता सण अशी दहा ओळींची भाषणं पाठ करून जातात. त्याऐवजी एकच करा. मूल समोर बसलं की सहज विचारा, "हास्ट डू काइनेन हुंगर?" भूक नाही का रे तुला? दुपारचे दोन वाजलेले असतात, सकाळपासून ते बाहेर बाकावर ताटकळलेलं असतं. ज्याच्या तोंडून 'या' किंवा 'नाइन' न येता पटकन "डॉख!" निघेल, म्हणजे "आहे की!", त्याला वीसपैकी वीस द्या आणि जेवायला सोडा.